एकट्याची डोंगरसुट्टी : कळसूबाई ते हरिश्चंद्रगड

डोंगरात एकट्यानं जाऊ नये, हा गिर्यारोहण संस्थांचा जुना नियम आहे आणि तो उगाच केलेला नाही. तरीही दर हिवाळ्यात पाठीवर सॅक टाकून एकटेच निघणारे भेटतात. कुणाला ग्रुपचा गोंगाट नको असतो, कुणाच्या मित्रांना ऐनवेळी रजा मिळत नाही, तर कुणाला स्वतःच्या चालीनं चालायचं असतं. चार माणसांच्या सुट्ट्या जुळेपर्यंत थांबलं, तर निम्मा हंगाम सरतो हेही खरंच. अशांना ‘जाऊ नका’ म्हणून काही होत नाही. कुठे जावं, केव्हा जावं आणि कोणता टप्पा एकट्यानं करू नये, हे सांगितलेलं जास्त उपयोगाचं.

सह्याद्रीत एकट्याच्या भटकंतीची एक मोठी सोय आहे. इथल्या डोंगराला माणसाचा शेजार आहे. गडाच्या पायथ्याशी गाव, गावापल्याड वाडी, पठारावर गुरं चारणारा पोरगा आणि जंगलात सरपण आणायला गेलेल्या बाया. हिमालयातल्या एखाद्या उंच खिंडीत दोन-दोन दिवस माणूस दिसत नाही, इथं ते क्वचितच घडतं. म्हणून एकट्याच्या सुट्टीची आखणी शिखरांवरून न करता गावांवरून करावी. आज कुठल्या गावातून निघायचं आणि दिवस मावळायच्या आत कुठल्या गावात पोचायचं, हे आधी ठरवावं. मधला गड त्या हिशेबात बसला तर करावा, नाही तर सोडावा.

या हिशेबाला सर्वांत चांगला मुलूख अकोले तालुक्यातला. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य 1986 मध्ये जाहीर झालं. त्याच्या एका टोकाला 1646 मीटरचं कळसूबाई, राज्यातलं सर्वांत उंच शिखर, आणि दुसऱ्या टोकाला 1424 मीटरचा हरिश्चंद्रगड. मध्ये भंडारदऱ्याचं पाणी, रतनगड आणि कात्राबाईची खिंड. बारी, रतनवाडी, कुमशेत, पाचनई आणि खिरेश्वर ही गावं अशा अंतरानं आहेत, की पाच-सहा दिवसांत रमतगमत हा पट्टा पायाखाली घालता येतो. बहुतेक गावांत कुणाच्या ना कुणाच्या घरी जेवण आणि पथारीपुरती जागा मिळते. त्यामुळे तंबू, स्टोव्ह आणि शिधा यांचं ओझं नको. एकट्याच्या सॅकमधलं ओझं वाटून घ्यायला कुणी नसतं, तेव्हा ही सोय लहान नाही.

हंगाम ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरात पठारांवर सोनकीची पिवळी फुलं असतात, ओढे वाहते असतात आणि वाटा अजून गवतात बुडालेल्या असतात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गवत वाळतं, वाटा मळतात आणि हवा स्वच्छ होते. मार्चनंतर टाकी आटू लागतात आणि उघड्या धारेवर ऊन भाजून काढतं. मेअखेरीस काजव्यांसाठी भंडारदऱ्याला तोबा गर्दी उसळते, तेव्हा शांतता शोधणाऱ्यानं तिकडे फिरकू नये. जून ते सप्टेंबर एकट्यानं या वाटांवर जाऊच नये.

हे शेवटचं वाक्य अनेकांना जास्त कडक वाटेल, कारण सह्याद्री बघावा तर पावसात, असं मानणारे पुष्कळ आहेत. पण ऑगस्ट 2023 मध्ये पुण्याहून हरिश्चंद्रगडावर निघालेले सहा जण तोलार खिंडीच्या बाजूला धुक्यात वाट चुकले. पावसात रात्र काढावी लागली आणि त्यांतला एक तरुण थंडीनं दगावला. महाराष्ट्रात, ऑगस्ट महिन्यात, थंडीनं. अंग पूर्ण भिजलेलं असेल आणि वारा सुटलेला असेल, तर दहा-पंधरा अंश तापमानातही शरीराची उष्णता झपाट्यानं निघून जाते. हायपोथर्मियाची पहिली लक्षणं म्हणजे थरथर, अडखळती जीभ, वेंधळेपणा आणि ‘मी ठीक आहे’ असा हट्ट. ही लक्षणं ज्याला होतात त्याला कळत नाहीत, सोबत्याला कळतात. एकट्याला सोबती नसतो. म्हणून कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून सॅकच्या तळाशी ठेवावा. चालताना कितीही मोह झाला तरी तो काढू नये, रात्रीसाठीच राखावा. सुती टीशर्ट आणि जीन्स भिजल्या की वाळत नाहीत, त्या घरीच राहू द्याव्यात.

जाण्याची सोय सोपी आहे. मुंबईकडून कसारा किंवा इगतपुरी स्टेशन, तिथून घोटी आणि घोटी-राजूर रस्त्यावर बारी. पुण्याकडून संगमनेर, अकोले, राजूर. एसटीच्या वेळा इंटरनेटवर पाहण्यापेक्षा स्थानकातल्या चौकशी खिडकीवर विचाराव्यात आणि शेवटची गाडी नाही, तर तिच्या आधीची आपली समजावी. मार्च 2023 पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, तेव्हा एकटीनं निघणारीचा प्रवासखर्च तसा किरकोळच. दिवसाउजेडी गावात पोचणं मात्र महत्त्वाचं. घर शोधणं, ओळख काढणं, उद्याची वाट विचारणं ही सगळी उजेडाची कामं.

पहिला डोंगर कळसूबाईच असावा. तिथल्या गर्दीला नाकं मुरडणारे ट्रेकर कमी नाहीत, आणि शनिवारी-रविवारी शिड्यांवर रांग लागते हे खरंच आहे. पण पहिल्यांदा एकट्यानं निघालेल्याला थोडी गर्दी बरी. वाट ठळक, अवघड कातळांवर लोखंडी शिड्या, वाटेत लिंबू-सरबत आणि माथ्यावर कळसूबाईचं छोटं देऊळ. आठवड्यातल्या मधल्या वारी गेलं, की एकांतही मिळतो आणि हाकेच्या अंतरावर कुणीतरी असतंही. इथं आपली चाल मोजून घ्यावी. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं 1892 मध्ये एक हिशेब दिला, तो आजही चालतो : सपाटीवर ताशी 5 किलोमीटर आणि दर 600 मीटर चढाला एक तास जास्तीचा. बारीहून माथा साधारण साडेतीन किलोमीटर आणि चढ साडेआठशे मीटरच्या आसपास. म्हणजे नेस्मिथच्या हिशेबानं दोन तास आणि थोडं वर. शहरात खुर्चीवर बसून काम करणाऱ्याला तीन तास लागतात. आपल्याला दीडपट वेळ लागला, तर पुढच्या प्रत्येक दिवशी हिशेबाला दीडनं गुणावं. दुप्पट लागला, तर पुढचा बेतच छोटा करावा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

चालीचा हिशेब हाती आला, की परतीची वेळ ठरवता येते. डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, पण कड्याच्या पूर्वेकडे आणि दाट झाडीत त्याच्या बऱ्याच आधी अंधारतं. म्हणून दुपारी एक किंवा दोन अशी एक वेळ सकाळीच नक्की करावी आणि ती झाली की जिथं असू तिथून मागं वळावं. माथा दहा मिनिटांवर दिसत असला तरी. गटात ‘अरे, पुरे आता’ म्हणणारा एक तरी असतो. एकट्याला हे काम घड्याळावर सोपवावं लागतं.

कळसूबाई उतरून भंडारदऱ्याच्या काठाकाठानं रतनवाडीला जावं. गावातलं अमृतेश्वराचं जुनं देऊळ पाहायला अर्धा दिवस राखून ठेवावा. दगडातली ती नक्षी घाईत बघायची नव्हे. दुसऱ्या दिवशी रतनगड. वाट प्रवरेच्या उगमाकडच्या दाट जंगलातून चढते, वरच्या अंगाला शिड्या आहेत आणि माथ्यावर कड्याला आरपार पडलेलं नेढं. नेढ्यात बसलं की वारा कानात शिरतो आणि उठावंसं वाटत नाही.

या जंगलात एक फाटा कात्राबाईच्या खिंडीकडे फुटतो. चढताना तो नजरेस पडत नाही, उतरताना मात्र नको तिथं पाय वळतो. सह्याद्रीत माणसं चुकतात ती बहुतेक अशीच. इथल्या डोंगरात मळलेल्या वाटांहून ढोरवाटा जास्त. गुरांच्या खुरांनी पडलेली वाट सुरुवातीला माणसांच्या वाटेइतकीच रुंद असते, मग कारवीत शिरते आणि विरून जाते. ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. माणसांची वाट बहुधा कुठेतरी पोचण्याच्या बेतानं चढते किंवा आडवी जाते, ढोरवाट चाऱ्याच्या आणि पाण्याच्या मागं फिरत राहते. वाकल्याशिवाय पुढं जाता येत नसेल, अंगाला फांद्या ओरखडत असतील, तर ती आपली वाट नव्हे. अशा वेळी पाच मिनिटांत मागं फिरलं तर चूक पाच मिनिटांचीच राहते. दर फाट्यावर मागं वळून बघण्याची सवय लावावी, कारण परतताना डोंगर उलटा दिसतो. मोबाइलनं फाट्याचा फोटो काढून ठेवला तर उत्तमच.

वाट पुरतीच हरवली तर काय करू नये, हे आधी पाठ करावं : ओढ्यानं खाली उतरू नये. ‘पाणी गावाकडेच जातं’ हा सल्ला सह्याद्रीत जीवघेणा ठरतो. हा डोंगर लाव्ह्याच्या आडव्या थरांचा आहे. एक कातळकडा, त्याखाली झाडीचा पदर, पुन्हा कडा, पुन्हा पदर, अशी त्याची रचना. ओढा या पायऱ्यांवरून धबधब्यासारखा कोसळत जातो. त्याच्यामागं निघालेला माणूस एका कड्यावरून कसाबसा घसरून उतरतो, पुढच्या कड्याच्या तोंडाशी अडकतो आणि वर परतण्याची वाटही त्यानंच बंद केलेली असते. तेव्हा थांबावं, पाणी प्यावं आणि ओळखीच्या शेवटच्या खुणेपर्यंत मागं जावं. ती सापडत नसेल आणि उजेड संपत आला असेल, तर उघड्यावरून दिसेल अशा पण वाऱ्याच्या आडोशाच्या जागी बसून राहावं. शिट्टीचा सार्वत्रिक संकेत मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा. रात्री हाच संकेत विजेरीनं देता येतो. घसा पाच मिनिटांत बसतो, शिट्टी रात्रभर वाजते.

मोबाइलवर नकाशा डाउनलोड करून ठेवावा आणि चालताना फोन फ्लाइट मोडवर टाकावा. जीपीएस तसाही चालतो, पण नेटवर्क शोधण्यात बॅटरी जळत नाही. रतनवाडी-कुमशेतच्या बाजूला नेटवर्कचा भरवसा नाही. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी 112 हा क्रमांक दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागू शकतो, म्हणून प्रयत्न करून पाहावाच. राज्यात गिर्यारोहकांच्या बचावपथकांचा समन्वय ‘महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर’ करतं. त्यांचा हेल्पलाइन क्रमांक निघण्याआधी फोनमध्ये साठवावा आणि एका चिठ्ठीवरही लिहून ठेवावा.

रतनवाडी ते कुमशेत हा कात्राबाईचा टप्पा मात्र एकट्यानं करू नये. जंगल दाट आहे, फाटे फसवे आहेत आणि मध्ये वस्ती नाही. रतनवाडीतून वाटाड्या घ्यावा. एकट्याच्या सुट्टीत वाटाड्या घेतला म्हणून एकटेपणाला बट्टा लागत नाही. उलट सबंध सुट्टीतला हाच दिवस जास्त लक्षात राहतो, असा अनेकांचा अनुभव आहे. इथले महादेव कोळी आणि ठाकर समाजातले वाटाडे दर दहा पावलांवर काहीतरी दाखवतात : हे रानडुकरानं उकरलंय, ही वेल जखमेवर लावतात, पलीकडे दिसतो तो आजोबाचा डोंगर. मजुरी आदल्या रात्री ठरवावी, घासाघीस करू नये आणि त्याच्या परतीच्या चालीचाही विचार करावा. तो तुम्हाला कुमशेतला सोडून तेवढंच अंतर पुन्हा एकटा चालणार असतो.

एकट्यानं करू नयेत अशा टप्प्यांच्या यादीत आणखी काही नावं घालावीत. अलंग-मदन-कुलंगपैकी अलंग-मदनला दोर लागतो. साम्रदच्या सांधण घळीचं वरचं तोंड पाहून यावं, खाली उतरायचं ते जाणत्या गटाबरोबरच. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट भर उन्हाळ्यातही एकट्यासाठी नव्हे, तिथं सुटलेला एक दगडही पुरेसा असतो. इथं कसलेल्यांचाही अपवाद करायचं कारण नाही. घोटा मुरगळायला अनुभव आड येत नाही.

कुमशेतहून पेठेच्या वाडीवरून पाचनईला जाणारी चाल त्या मानानं मोकळी, वाडीवस्त्यांची. पाचनई ते हरिश्चंद्रगड ही गडाची सर्वांत सोपी वाट, दोन-अडीच तासांची. वर हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ, केदारेश्वराच्या गुहेतलं पाण्यातलं भलंमोठं शिवलिंग आणि पश्चिमेला कोकणकडा. इथंच 1835 मध्ये कर्नल साइक्सला गोल इंद्रधनुष्य, म्हणजे इंद्रवज्र दिसल्याची नोंद सांगितली जाते. कोकणकड्याची धार आत वळलेली आहे, खालचा आधार वरून दिसत नाही आणि वारा अचानक झोडपतो. टोकाशी उभं राहून सेल्फी घेण्याइतकी मूर्ख गोष्ट या सबंध पट्ट्यात दुसरी नाही. बघायचंच तर सॅक मागं ठेवून, पालथं पडून, कोपरांवर सरकत जावं.

आता थोडं सॅकबद्दल. लांबलचक याद्या सगळीकडे मिळतात, इथं फक्त एकट्याला ज्यांची जास्त गरज पडते त्या वस्तू. तीन लिटर पाणी आणि ओआरएसची पाकिटं. डोक्याला बांधायची विजेरी आणि जादा सेल, कारण मोबाइलचा टॉर्च धरला की एक हात अडकतो. क्रेप बँडेज, शिट्टी, पॉवर बँक, मोठं प्लास्टिक किंवा चकचकीत इमर्जन्सी ब्लँकेट. शंभराच्या नोटा, कारण नेटवर्क नसेल तिथं यूपीआयही नाही. सगळं मिळून आठ-नऊ किलोंच्या वर जाऊ देऊ नये. नवे कोरे बूट घालून निघू नये. पुणेकरांनी आधी सिंहगडावर दोन-चार आठवडे याच सॅकसकट चढउतार करावी, मुंबईकरांना माथेरानच्या पायवाटा आहेतच.

डिओ आणि अत्तर घरी ठेवावं. कड्यांना लटकलेली आग्या मोहोळं वासानं आणि धुरानं खवळतात, म्हणून गडावर शेकोटीही नको. अभयारण्यात आग लावणं हा तसाही गुन्हा आहे. माश्या उठल्याच तर तोंड-मान झाकून, हात न झटकता, जमेल तितकं दूर पळावं. सापांपैकी नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार विषारी साप इथं आहेत. फुरसं दगडाच्या कपारीत असतं, तेव्हा न बघता हात घालू नये. दंश झालाच तर चिरणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काही करू नये. हालचाल कमीत कमी ठेवून मदत बोलवावी आणि थेट सरकारी रुग्णालय गाठावं. प्रतिविषाची लस या चारही सापांवर चालते. मांत्रिकाकडे गेलेला वेळ परत मिळत नाही.

संध्याकाळबद्दल कुणी बोलत नाही, पण एकट्याच्या सुट्टीत जड जाते ती संध्याकाळच. दिवसभर चालण्यात मन गुंतलेलं असतं. सहाला अंधार पडतो, जेवण आठला, झोप नऊला, आणि मधले दोन-तीन तास अंगावर येतात. पहिल्या दोन संध्याकाळी घरी परत जावंसं वाटणं अगदी साहजिक आहे. अशा वेळी खोलीत पडून राहू नये, यजमानांच्या पडवीत किंवा चुलीपाशी बसावं. मामा-मावशी, दादा-ताई म्हणून बोलायला सुरुवात केली, की पिकापाण्यापासून बिबट्यापर्यंत विषय निघतात. ‘एकटेच आलात? लग्न झालं का?’ हे विचारलं जाणारच, त्याचा राग मानू नये. तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, पिठलं आणि ठेचा पानात येतो. जे असेल ते खावं, वेगळं मागू नये. एकटीनं जाणाऱ्या बाईनं मुक्कामाचं घर ठरवताना घरात बायका-मुलं आहेत ना, एवढं पाहावं आणि जमलं तर आधीच्या गावातल्या यजमानीणबाईंकडूनच पुढच्या गावातल्या ओळखीचं नाव घ्यावं. या गावांमध्ये सोयरिकी असतात. रतनवाडीचा निरोप कुमशेतला फोनच्या आधी पोचल्याची उदाहरणं आहेत.

याच यजमानांना सकाळी निघताना वाट, पुढचा मुक्काम आणि पोचण्याची वेळ सांगावी. घरी तीच माहिती कागदावर लिहून द्यावी : कोणत्या तारखेला कोणतं गाव, कोणाच्या घरी, किती वाजता फोन अपेक्षित. शिवाय फोन आला नाही तर किती वाट पाहायची आणि मग कुणाला कळवायचं तेही. अमेरिकन गिर्यारोहक अ‍ॅरन राल्स्टन 2003 मध्ये युटातल्या एका घळीत हातावर दगड पडून पाच दिवस अडकला आणि शेवटी त्याला स्वतःचा हात कापावा लागला. कुठे जातोय हे तो कुणालाच सांगून गेला नव्हता, म्हणून त्याला नेमकं कुठे शोधायचं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. दोन ओळींची चिठ्ठी त्यानं मागं ठेवली असती तर शोध बराच लवकर लागला असता.

बेत बदलला तर निरोप बदलावा. हरिश्चंद्रगडावरून खिरेश्वरला उतरताना हे विशेष लागू पडतं, कारण पाचनईच्या सोप्या वाटेनं चढून आलेला माणूस ही वाटही तशीच समजून पोचण्याची वेळ सांगतो. ती लांब आहे. पठारावर एकामागून एक टेकड्या आणि ओहोळ येतात, सगळे सारखेच दिसतात, आणि तोलार खिंडीच्या वरचा कातळ रेलिंगला धरून उतरावा लागतो. सकाळी धुकं असेल तर ते निवळेपर्यंत देवळापाशी थांबावं किंवा सरळ पाचनईला परत उतरावं. तोलार खिंडीतलं व्याघ्रशिल्प दिसलं, की अवघड भाग संपला. खिरेश्वरला नागेश्वराचं देऊळ पाहून, पिंपळगाव जोगा धरणाच्या बांधावरून तासा-सव्वा तासात खुबी फाटा येतो. माळशेज घाटातून कल्याणकडे आणि आळेफाट्याकडे जाणाऱ्या गाड्या तिथं थांबतात.

गाडीत बसल्यावर घरी आणि शेवटच्या यजमानांना ‘उतरलो’ एवढं कळवायला विसरू नये. बचावपथकातली माणसं स्वयंसेवक असतात, आपापले कामधंदे सोडून रात्री डोंगरात शिरतात. ज्याला शोधायचं तो घरी जेवून झोपलेला निघाला, असं होऊ नये.